१०८ ला पत्ता सांगताना

वडिलांच्या छातीत दुखायला लागलं, शेतात कुणाला साप चावला, रस्त्यावर दुचाकी घसरली, तर १०८ लावायचा हे आता नाशिक जिल्ह्यात शाळकरी पोरांनाही माहीत आहे. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली सुरू झाली. त्याआधी रात्री-अपरात्री कुणाची तरी जीप शोधत फिरावं लागायचं. जीप मिळाली तरी तिच्यात ना ऑक्सिजन, ना डॉक्टर.

पण नंबर माहीत असणं वेगळं आणि गाडी वेळेत दारात येणं वेगळं. फोन लागतो, गाडी निघते आणि शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये अडकते. फाटा चुकतो. गल्ली सापडत नाही. चालक फोन करतो तर फोन बिझी, कारण घरचे त्याच फोनवरून मामाला आणि काकाला कळवत असतात. ही शेवटची दहा-पंधरा मिनिटं तुमच्या हातात आहेत. ती कशी वाचवायची, ते आज घरात सगळ्यांनी बसून बोलून घ्या. वेळ आल्यावर डोकं चालत नाही.

पहिली गोष्ट ही लक्षात घ्या. तुम्ही नाशकातून १०८ लावला तरी तो उचलणारा माणूस नाशकात बसलेला नसतो. साऱ्या राज्याचे फोन पुण्याच्या नियंत्रण कक्षात जातात. तिथला माणूस तुमच्याशी मराठीतच बोलेल, पण तुमची कॉलनी, तुमचा मळा, तुमचा पाडा त्याच्या ओळखीचा नाही.

आपण आपसात म्हणतो, "पाथर्डी फाट्यावर ये." नाशिककराला ते पुरतं. पण पाथर्डी नावाचा अख्खा तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. गंगापूर म्हणाल तर आपल्याला गंगापूर रोड आणि धरण आठवतं, पण गंगापूर तालुका छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. देवळाली म्हणजे आपला कॅम्प, तशी राहुरीकडची देवळाली प्रवराही आहे. पेठ म्हणजे आपला तालुका, आणि पुण्यात बसलेल्या माणसाच्या आजूबाजूला तर पेठाच पेठा. आपल्याच जिल्ह्यात पिंपळगाव बसवंत वेगळं, पिंपळगाव बहुला वेगळं, पिंपळगाव खांब वेगळं. दिंडोरी रोडला राहणारा माणूस घाईत नुसतं "दिंडोरी" म्हणाला तर गोंधळ होणारच.

म्हणून पत्ता नेहमी वरून खाली सांगा. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव किंवा शहरातला भाग. त्यानंतर खूण. खूण अशी सांगा, जी अनोळखी माणसाला रस्त्यावरून दिसेल. शाळा, पेट्रोल पंप, पाण्याची टाकी, दूध डेअरी, मोठं मंदिर. "आमच्या आप्पांचं घर कुणालाही विचारा" हे दिवसा ठीक आहे. रात्री दोनला विचारणार कुणाला?

समजा तुम्ही सिन्नर तालुक्यातल्या एखाद्या मळ्यात राहता. मग असं सांगा: "जिल्हा नाशिक, तालुका सिन्नर, गाव अमुक. गावाच्या अलीकडे दूध डेअरी आहे. तिथून डावीकडे मळ्याचा कच्चा रस्ता जातो. डेअरीजवळ आमचा माणूस मोटारसायकल आणि बॅटरी घेऊन उभा राहील. त्याचा नंबर लिहून घ्या." एवढं सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

हेच चार ओळींत एका कागदावर लिहा आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. वेळ आली तेव्हा घरात फक्त सून असेल, नातू असेल किंवा शेजारची बाई असेल, तर त्यांनी तो वाचून दाखवायचा. भाड्यानं राहणाऱ्यांनी तर हा कागद आजच लावा. अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांत कामाला आलेल्या पोरांना आपल्या खोलीचा पूर्ण पत्ता बहुतेक वेळा सांगता येत नाही.

फोनवर ते आणखी काही विचारतील. काय झालं? माणूस शुद्धीत आहे का? श्वास चालू आहे का? वय किती? किती जण जखमी आहेत? इथे बरेच लोक चिडतात. "आधी गाडी पाठवा, प्रश्न नंतर विचारा" म्हणून ओरडतात. असं करू नका. गाड्या दोन प्रकारच्या आहेत. सेवा उभी राहिली तेव्हा राज्यात ९३७ गाड्या होत्या. त्यातल्या २३३ गाड्यांत व्हेंटिलेटर, हृदयाला झटका देणारं यंत्र अशी सगळी सामग्री होती आणि ७०४ साध्या, म्हणजे ऑक्सिजन, औषधं, स्ट्रेचर असलेल्या. कोणती गाडी पाठवायची हे तुमच्या उत्तरावर ठरतं. दोन्हींत चालकासोबत डॉक्टर असतो. चालकाला तिथे पायलट म्हणतात. "पायलट बोलतोय" असा फोन आला तर बुचकळ्यात पडू नका.

तो फोन अनोळखी नंबरवरून येईल. तो उचला. ज्या फोनवरून १०८ लावला तो मोकळा ठेवा, नातेवाइकांना दुसऱ्या फोनवरून कळवा. नियंत्रण कक्षातला माणूस स्वतः सांगेपर्यंत १०८ चा फोन तुम्ही ठेवू नका.

आता गाडी निघाली. एक माणूस रुग्णाजवळ थांबवा, एक माणूस रस्त्यावर पाठवा. घरात दोघंच असाल तर शेजाऱ्याला हाक मारा, अशा वेळी संकोच कसला? रस्त्यावरच्या माणसानं मुख्य रस्त्याला, वळणाच्याही अलीकडे उभं राहायचं. रात्र असेल तर मोटारसायकलचे इंडिकेटर चालू ठेवायचे, मोबाइलची बॅटरी हलवायची.

जुन्या नाशकात, भद्रकालीत, पंचवटीच्या आतल्या गल्ल्यांत गाडी दारापर्यंत येत नाही. सिडकोत गल्ली असते, पण दोन्ही बाजूंना दुचाक्या लावलेल्या. तेव्हा गाडी कुठपर्यंत येईल हे आधीच बघून ठेवा आणि तिथेच बोलवा. तोवर वाटेतल्या दुचाक्या बाजूला करा. इमारतीत राहत असाल तर वॉचमनला सांगून गेट उघडं ठेवा, लिफ्ट खाली आणून थांबवा. बहुतेक जुन्या लिफ्टमध्ये स्ट्रेचर आडवं मावत नाही, म्हणून जाड चादर किंवा हात असलेली खुर्ची काढून ठेवा. दारातला कुत्रा बांधा. बाहेरचे दिवे लावा.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरीच्या पाड्यांवरचं दुखणं वेगळं आहे. तिथे रस्ताच नसतो, पावसाळ्यात ओहोळ आडवा येतो. गरोदर बाईला डोलीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. हे बदलायलाच हवं आणि त्यासाठी ग्रामसभेत आवाज उठवत राहा. पण बाळंतपण रस्ता होईपर्यंत थांबत नाही. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातच आशाताईबरोबर बसून ठरवा. तारीख कोणती? पावसाळ्यात येते का? येत असेल तर आठ-दहा दिवस आधी ग्रामीण रुग्णालयाजवळच्या नातेवाइकाकडे येऊन राहा. डोली उचलणारे चार जण कोण, हेही आधी ठरवा. गरोदर बाई, बाळंतीण आणि आजारी तान्ह्या बाळासाठी १०२ ही मोफत गाडी आहे, तिच्या चालकाचा नंबर आशाताईकडून घेऊन ठेवा. कळा अचानक वाढल्या, रक्त जायला लागलं, झटके आले, तर मात्र वाट न बघता १०८. तोवर बाईला डाव्या कुशीवर निजवा.

तुमच्या सिमला रेंज नसेल तर ११२ लावून बघा. दुसऱ्या कंपनीची रेंज तिथे असेल तर हा नंबर बहुधा लागतो. पाड्यावर रेंज कुठल्या टेकाडावर येते, हे पोराटोरांनाही दाखवून ठेवा.

गाडी येईपर्यंत काय करायचं, त्यापेक्षा काय करायचं नाही हे जास्त महत्त्वाचं आहे.

छातीत दुखत असेल तर माणसाला चालवू नका. तिसऱ्या मजल्यावरून "हळूहळू उतरा" असं तर अजिबात नको. भिंतीला टेकवून बसवा, कपडे सैल करा. ॲसिडिटी असेल म्हणून सोडा पाजून सकाळची वाट बघू नका. माणूस बेशुद्ध पडला आणि श्वास थांबला किंवा नुसते आचके येत असतील, तर त्याला कडक जमिनीवर उताणं निजवा. छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवा आणि जोरात दाबत राहा. छाती पाच सेंटिमीटर खाली गेली पाहिजे, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा. दमलात तर दुसऱ्यानं लगेच सुरू करायचं. डॉक्टर येईपर्यंत थांबायचं नाही. बरगडी मोडेल ही भीती सोडा.

तोंड वाकडं झालं, एक हात गळाला, बोलणं अडखळलं, तर घड्याळ बघा आणि वेळ लिहा. अर्धांगवायूत गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. "कधीपासून?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो. अशा माणसाला पाणी किंवा गोळी काहीही पाजू नका, ते श्वासनलिकेत जातं.

सापाबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण यात अजूनही माणसं नाहक जातात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं. त्यामुळे साप मारून दवाखान्यात न्यायची काहीही गरज नाही. मारायला गेलं तर तो दुसऱ्यालाच चावतो. जखम कापू नका, चोखू नका, दोरीनं आवळू नका. बोटातली अंगठी, हातातल्या बांगड्या, पायातले पैंजण लगेच काढा, कारण सूज येते. चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या फळीला सैलसर बांधून स्थिर ठेवा. माणसाला पळवू नका, चालवू नका. धीर द्या. भगत नंतर, देवळात नंतर. आधी प्रतिविष. आणि थेट ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात, गल्लीतल्या दवाखान्यात वेळ घालवू नका.

मण्यार रात्री चावते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, आणि चावल्याचं कधीकधी कळतही नाही. दुखत नाही, सूज नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात कळ येते, गिळता येत नाही, पापण्या जड होऊन खाली येतात. लोक समजतात, काहीतरी खाण्यात आलं. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस अशा तक्रारीनं उठलं, तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत साप चावला असंच समजा आणि १०८ लावा. शक्य असेल तर खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचून घ्या.

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षबागांत फवारणी चालू असते. तिथे विषबाधा झाली तर अंगावरचे भिजलेले कपडे काढा, अंग साबणानं धुवा, माणसाला बागेबाहेर मोकळ्या हवेत आणा. पाजलं तर उतरेल म्हणून मिठाचं पाणी, दूध, तूप काही देऊ नका. उलटी करवू नका. औषधाची बाटली किंवा पुडी सोबत द्या. त्यावरचं नाव डॉक्टरांना उपचारासाठी लागतं.

आणि कुणी स्वतःहून औषध घेतलं असेल, तर तेही खरं सांगा. गावात बोभाटा होईल, पोलीस केस होईल म्हणून घरचे "चुकून गेलं" म्हणतात, कधी तासभर लपवतात. तो तास परत मिळत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं अशा माणसाकडे तणावाखाली असलेला म्हणून बघायला सांगितलं आहे, शिक्षा करायला नाही. त्याला आधी वाचवा, नंतर जवळ बसून त्याचं ऐका.

फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा. भाजलं तर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. पेस्ट नको, शाई नको, बर्फही नको.

अपघाताच्या ठिकाणी गर्दी जमते, पण पुढे कुणी होत नाही. कारण एकच, पोलिसांची भीती. ती भीती आता सोडा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातल्या कलम १३४-अ नं मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. तुम्हाला नाव सांगायची सक्ती नाही. रुग्णालय तुम्हाला अडवून ठेवू शकत नाही, तुमच्याकडे पैसे मागू शकत नाही. गंभीर जखमीला वेळेत रुग्णालयात पोचवणाऱ्यासाठी केंद्राची 'राहवीर' योजना आहे, तिचं बक्षीस २०२५ मध्ये २५ हजार रुपये झालं. त्याच वर्षी रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतच्या रोकडविरहित उपचारांची योजनाही लागू झाली. दाखल करताना तिची चौकशी करा.

जखमीची मान हलवू नका. हेल्मेट ओढून काढू नका. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड दाबून धरा आणि सोडू नका. मुंबई–आग्रा महामार्गावर, कसारा घाटात किंवा चांदवडकडे असाल तर १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबरही लावा. जवळच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा आणि "मुंबईकडे जाणारी बाजू" की "आग्र्याकडे जाणारी", हे दोन्ही सांगा. समृद्धी महामार्गावर तर हे फार महत्त्वाचं. चुकीच्या बाजूला आलेली गाडी समोर दिसते, पण लगेच वळून येऊ शकत नाही.

गाडी आली की डॉक्टरांना काम करू द्या. सोबत एक, फार तर दोन माणसं बसवा. जुनी फाइल, रोजच्या गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड, रेशन कार्ड एका पिशवीत घाला. घरात रक्तदाबाचा, साखरेचा किंवा हृदयाचा रुग्ण असेल तर ही पिशवी कायम खुंटीला तयार हवी.

"आमच्या ओळखीच्या डॉक्टरकडेच न्या" असा हट्ट धरू नका. गाडी साधारणपणे जवळच्या योग्य सरकारी रुग्णालयात नेते. शहरात ते त्र्यंबक रोडचं सिव्हिल असेल, नाशिकरोडला बिटको, मालेगावकडे तिथलं सामान्य रुग्णालय. आधी जीव स्थिर होऊ द्या, पुढे हलवायचं ते नंतर बघता येतं. खासगी रुग्णालय अगदी जवळ असेल आणि तिथे नेलंत, तर "आधी अनामत भरा" म्हणून तातडीचा प्राथमिक उपचार नाकारता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८९ सालीच हे सांगितलं आहे.

१०८ ला एक पैसाही द्यावा लागत नाही. डिझेलचे नाही, चहापाण्याचे नाही. खासगी रुग्णवाहिका करावीच लागली तर रुग्ण चढवण्याआधी दर विचारा.

कधीकधी जवळची गाडी दुसऱ्या रुग्णाकडे गेलेली असते. म्हणून फोनवरच विचारा, "गाडी कुठून निघते आहे, किती वेळ लागेल?" फार लांबून येणार असेल, दारात चारचाकी असेल आणि रुग्णाला हलवणं धोक्याचं नसेल, तर तुम्ही निघा. पण पायलटला कळवून निघा आणि वाटेत कुठे भेटायचं ते ठरवा. मानेला, पाठीला मार लागलेल्या माणसाला मात्र असं उचलून नेऊ नका.

गाडी उशिरा आली तर राग येणं साहजिक आहे. पण तो डॉक्टर-चालकावर काढू नका, ते बहुधा दुसऱ्या रुग्णाला सोडून थेट आलेले असतात. फोन कधी केला, गाडी कधी आली, हे लिहून ठेवा आणि नंतर जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात लेखी तक्रार द्या.

तुमच्या घरी सगळे धडधाकट असले तरी एक काम आहेच. द्वारका, मुंबई नाका, आडगावकडचा रस्ता, कुठेही सायरन ऐकू आला की डाव्या बाजूला व्हा. वाट न देणाऱ्याला दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. गाडीला वाट मिळाली म्हणून तिच्या मागोमाग आपली दुचाकी घुसवू नका. आणि लहान मुलांना १०८ चा खेळ करू देऊ नका. सर्दी-खोकल्यासाठी, तपासणीला जाण्यासाठी, घरी परत सोडण्यासाठीही ही गाडी मागू नका.

३१ ऑक्टोबर २०२६ ला ध्वजारोहण होऊन सिंहस्थ सुरू होतो आहे. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये आहेत. पर्वणीला पंचवटी, रामकुंड, त्र्यंबकेश्वरचे नेहमीचे रस्ते बंद असतील. २००३ च्या सिंहस्थात चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले, हे नाशिककर विसरलेले नाहीत. पंचवटीत राहणाऱ्यांनी रुग्णवाहिकेसाठी कोणती वाट मोकळी ठेवली आहे, हे आधी पोलीस चौकीत विचारून घ्या आणि त्या वाटेवर आपली वाहनं लावू नका. घरात डायलिसिसचा रुग्ण असेल किंवा कुणाचे दिवस भरत आले असतील, तर पर्वणीच्या दोन दिवस आधीच त्यांना गोदावरीच्या अलीकडे, रुग्णालयाच्या बाजूला नातेवाइकांकडे हलवा.